टिंबांचं वर्तुळ

संगणकावर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने ते कधी ना कधी बघितलेलं असतं. एखादी मात्रा किंवा वेलांटी असते, पण ती ज्याच्यावर बसायची ते अक्षरच नसतं. त्या रिकाम्या जागी बारीक बारीक टिंबांनी काढलेलं एक पोकळ वर्तुळ येतं. अक्षरं रेखाटणारी प्रणाली त्यातून आपल्याला सांगत असते, की बाबा रे, मात्रा तर आली, पण तिला बसायला व्यंजन काही दिसत नाही, तूच बघ आता.

मला ते वर्तुळ दिसलं की पूर्वी भयंकर चिडचिड व्हायची. गेल्या पावसाळ्यापासून मात्र ते चक्क आवडायला लागलंय. का, ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण वीकांत आहे, चहा घेऊन बसा.

माझे बाबा मालवण तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर, म्हणजे १९९८ पासून पुढची चारेक वर्षं, त्यांनी एक उद्योग केला. आमच्या गावात बोलले जाणारे शब्द, शेतांची नावं, म्हणी, कुठल्या सणाला काय करतात, असं सगळं एका वहीत उतरवून काढलं. मग तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडे बसून ते सगळं टंकून घेतलं. १४३ पानं झाली. पुस्तक छापायचं होतं, पण पैशांचं गणित जमलं नाही आणि ते राहूनच गेलं. मूळ वही वाळवीने खाल्ली. मागे उरली एक सीडी आणि एक प्रिंटआउट, त्याचीही शेवटची पानं ओल लागून एकमेकांना चिकटलेली.

आता बाबा ८१ वर्षांचे आहेत. दृष्टी अधू झालीय. गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा म्हणाले, "त्या सीडीत काय आसा ता भायर काढ रे. मोठ्या अक्षरात करून दी. माका दिसला नाय तर ताई वाचून दाखयत."

मी म्हटलं, "एवढंच ना बाबा? एका वीकांताचं काम आहे."

पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस हे वाक्य अजूनही तोंडातून काढू शकतो, यावरून अनुभवाची किंमत काय ते समजा!

सीडी सुदैवाने वाचता आली. धारिका उघडली आणि समोर आली भेळ. स्पॅनिशमधली टोपीवाली अक्षरं, पौंडाचं चिन्ह, भागाकार, कंस, उद्गारचिन्हं. मराठीचा मागमूस नाही. त्या काळात ज्यांनी मराठी टंकलंय त्यांना कारण लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तीत देवनागरी होती. भारतीय लिपींसाठी आपल्याकडे आधीच ठरलेल्या इस्की या प्रमाणावरूनच ती मांडणी घेतलेली होती. विंडोज २००० मध्ये मराठी युनिकोडची सोयही आली. पण छापखान्यांची गाडी त्यानंतरही कित्येक वर्षं जुन्याच रुळावरून चालली. तिथला मामला साधा होता. एका बाइटमध्ये २५६ जागा. त्या इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांच्या. मग फॉन्ट बनवणाऱ्याने काय केलं, तर त्या जागांवरची चित्रं बदलून तिथे मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी भांडवली अक्षर टंकलंत, फॉन्टने ते 'अर्धा स' म्हणून रंगवलं. म्हणजे धारिकेत मराठी कधी नव्हतंच! मराठी होती ती फक्त दिसण्यापुरती. फॉन्ट काढून घ्या, की उरते भेळ.

असं रूपांतर करणारे प्रोग्रॅम जालावर बरेच आहेत, पण ते नेहमीच्या फॉन्टांसाठी. बाबांच्या डीटीपीवाल्याने वापरलेला फॉन्ट कुठल्यातरी फॉन्टची आणखी कुणीतरी फेरफार केलेली आवृत्ती होती. दोन तयार प्रोग्रॅम लावून पाहिले, दोन्हींतून वेगवेगळी भेळ निघाली. नशीब एवढंच, की फॉन्टची धारिका सीडीवरच होती. म्हटलं, आपणच लिहू.

आता कुठल्या भाषेत लिहायचं? हौशी प्रोग्रॅमरला या प्रश्नावर अख्खी शनिवार सकाळ घालवता येते. कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सुरुवात केलेली आमची पिढी. पोटापाण्यासाठी जावा केली. वीकांताला पर्लपासून रस्टपर्यंत जे जे नवीन दिसेल त्याच्याशी थोडं थोडं खेळून झालं. शेवटी पायथन घेतली. कारण असं काही थोर नव्हतं. फॉन्टच्या पोटात शिरून प्रत्येक जागेवर कुठलं चित्र आहे ते दाखवणारी फॉन्टटूल्स नावाची लायब्ररी पायथनमध्ये आहे. शिवाय पायथनमध्ये लिहिलेलं मला दोन वर्षांनी परत वाचलं तर समजतं. माझ्या स्वतःच्या पर्लबद्दल हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

जाता जाता एक गंमत. 'क्षि' हे अक्षर घ्या. तुम्हाआम्हाला ते एकच दिसतं. पायथन ३ ला त्याची लांबी विचारा, ती सांगते ४. क, हलन्त, ष आणि वेलांटी. रस्टला विचारा, ती म्हणते १२, कारण ती बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. कुणीच खोटं बोलत नाहीये. प्रत्येकीने प्रश्न वेगळा ऐकलाय, इतकंच. अशा वेळी मला कुठली भाषा 'चांगली' यापेक्षा तिला काय ऐकू आलं ते ती सरळ सांगते का, हे महत्त्वाचं वाटतं. या मुद्द्याकडे परत येऊ.

तर कामाला लागलो. पहिल्या शनिवारी तक्ता तयार केला. दोनशेच्या आसपास चित्रं. एकेक बघायचं आणि समोर लिहायचं, हा अर्धा त, हा काना, हा रफार, हा रफार आणि अनुस्वार एकत्र. हे काम कंटाळवाणं, पण सरळ. खरी गंमत पुढे आहे.

जुन्या फॉन्टात अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने असतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असतात. 'स्थिती' टंकताना डीटीपीवाला आधी वेलांटी मारतो, मग अर्धा स, मग थ. युनिकोडला हवंय स, हलन्त, थ आणि मग वेलांटी. रफाराचं याच्या बरोबर उलटं. 'मूर्ती'मधला रफार डोळ्यांना 'ती'च्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो सर्वांत शेवटी टंकलेला असतो. उच्चारात मात्र तो 'त'च्या आधी येतो. म्हणजे वेलांट्या पुढे ढकलायच्या आणि रफार मागे ओढायचे. तेही एका व्यंजनावरून नव्हे, अख्ख्या जोडाक्षरावरून. त्यात मराठीची खास अडचण म्हणजे 'ऱ्य'. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. इथे चुकलात तर अर्थाचा अनर्थ.

एव्हाना रविवार दुपार झाली होती आणि मी मनातल्या मनात रेग्युलर एक्स्प्रेशन रचून थकलो होतो. मग केलं ते, जे आजकाल सगळेच करतात. एआयला विचारलं.

खोटं कशाला सांगू, थक्क झालो. मी साध्या मराठीत अडचण लिहिली, सोबत तक्त्याचा तुकडा दिला, आणि मिनिटभरात समोर सत्तर-ऐंशी ओळींचा नीटनेटका प्रोग्रॅम. रफाराचा भाग पहिल्या फटक्यात बरोबर. वेलांटीत मात्र चूक होती. ती फक्त एकाच व्यंजनावरून पुढे सरकवली होती, त्यामुळे 'स्थिती'चं झालं 'सि्थती' आणि पानभर टिंबांची वर्तुळं उगवली. पण तीच मदतीला आली. वर्तुळ दिसेल तिथे थांबायचं, मूळ बाइट बघायचे, नियम सुधारायचा, परत चालवायचा. रात्री अकरापर्यंत १४३ पानांत मिळून ऐंशीएक वर्तुळं उरली.

ही उरलेली माझ्या प्रोग्रॅमची चूक नव्हती. मूळ मजकूरच तिथे बिघडलेला होता. त्याचं कारण शोधायला आणखी दोन तास गेले आणि ते सापडल्यावर हसावं की रडावं कळेना. डीटीपीवाल्याने काही पानं आधी वर्ड प्रोसेसरमध्ये टंकून मग इकडे आणली असावीत. वर्ड प्रोसेसरला वाटलं हे इंग्रजीच आहे. मग त्याने प्रेमाने मदत केली! वाक्याच्या सुरुवातीचं लहान अक्षर मोठं करून दिलं आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून दिली. आणि इथे तर लहान अक्षर म्हणजे एक व्यंजन आणि मोठं अक्षर म्हणजे भलतंच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणी न मागता केलेली मदत मी आता निस्तरत होतो.

आता इथे माझं चुकलं.

दुसऱ्या वीकांताला मला कंटाळा आला. ऐंशी वर्तुळं, प्रत्येकाचं कारण वेगळं. मनात आलं, एवढा हुशार एआय हाताशी आहे, त्यालाच सांगू. पानं दिली आणि लिहिलं, "या मजकुरात रूपांतराच्या काही चुका राहिल्या आहेत, त्या दुरुस्त कर, बाकी काही बदलू नकोस." पाच-पाच पानं करत सगळं करून घेतलं. परत आलेला मजकूर म्हणजे काय सांगू! एकही वर्तुळ नाही. शुद्धलेखन चोख. चार-पाच पानं चाळली, छान वाटली. मोठ्या टायपात छापून घेतलं, स्पायरल बाइंडिंग केलं आणि कुरियरने गावी पाठवून दिलं. वर ताईला फोन करून "बघ, झालं की नाही?" असा भाव खाऊन घेतला.

आठवड्याने बाबांचा फोन.

"अरे झिला, वाचून दाखयल्यान ताईन. बरा आसा. पण ह्यां माजां न्हय."

मला आधी कळेचना. म्हटलं, "तुमचंच आहे बाबा, सीडीतलंच आहे सगळं."

तर म्हणाले, "पान सत्तावीस काढ."

पान २७. भातलावणीचं वर्णन. आजी पहाटे रोपं उपटायला जायची, असं तिथे होतं. रोपांना आमच्याकडे 'तरवो' म्हणतात. बाबांनी लिहिलं होतं, 'आये तरवो काढूक गेली'. माझ्या पानावर छापलं होतं, 'आई तरवार काढून गेली'. माझी आजी भर पावसात तलवार उपसून शेतावर चाललीय, साक्षात झाशीची राणी! मी हसलो. बाबाही हसले.

मग म्हणाले, "आता पान एकेचाळीस. बायचो कुणगो खंय गेलो?"

कुणगो म्हणजे भातशेतीचा लहान तुकडा, बांध घातलेला. पान ४१ वर आमच्या शेतांच्या नावांची यादी होती. मी पाठवलेल्या प्रतीत तिथे होतं, 'बाईचा कोपरा'.

मी म्हटलं, "बाबा, ही बाय कोण?"

फोनवर थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी सांगितलं. बाय ही त्यांची धाकटी बहीण. नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तो कुणगा व्हाळाला लागून आहे, तिथे ती खेकडे पकडायला बसायची म्हणून आजोबा त्याला बायचो कुणगो म्हणायला लागले आणि ते नाव पडलं. तिचा फोटो नाही. शाळेच्या दाखल्यावर नाव असेल तर असेल. त्या शेताच्या नावाखेरीज तिचं काही उरलेलं नाही. ते नावही आता बाबांच्या तोंडी आणि त्या पान ४१ वर, एवढंच.

आणि मी ते 'दुरुस्त' करून घेतलं होतं.

त्या रात्री मी ते आधीच करायला हवं होतं ते केलं. माझ्या प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर आणि एआयने दिलेला मजकूर शब्दाशब्दाने ताडून पाहिला. दहा मिनिटांचं काम. वर्तुळं होती ऐंशी. बदललेल्या जागा निघाल्या चारशेच्या वर. व्हाळाचा ओढा झाला होता. माका, तुका यांचं मला, तुला. काही म्हणी तर प्रमाण मराठीत इतक्या सफाईने बसवल्या होत्या, की मूळ माहीत नसेल तर कुणाला शंकाही येऊ नये. मी 'बाकी काही बदलू नकोस' असं लिहिलं होतं ना? लिहिलं होतं. त्याचा उपयोग किती झाला ते दिसतंच आहे.

यात एआयचा दुष्टपणा नाही आणि मूर्खपणाही नाही. त्याची घडणच तशी आहे. अफाट मजकूर वाचून, आधीचं बघून पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता जास्त, हे ते ठरवतं. जालावर प्रमाण मराठीच इंग्रजीच्या मानाने थोडी, त्यात मालवणी ती किती असणार? 'कुणगो' पेक्षा 'कोपरा' कितीतरी पटींनी जास्त संभवतो. म्हणून कोपरा. दुर्मिळ शब्द त्याला टंकनदोषासारखा दिसतो. आणि बाबांचं अख्खं पुस्तक दुर्मिळ शब्दांचंच होतं! ज्या कारणाने ते लिहिलं, त्याच कारणाने ते पुसलं गेलं.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या ओबडधोबड प्रोग्रॅमने जिथे माती खाल्ली, तिथे वर्तुळ उमटलं. आंधळ्यालाही हात लावून कळावं अशी चूक. एआयने जिथे माती खाल्ली, तिथे सुंदर, शुद्ध, वाचनीय मराठी उमटली. पहिली चूक मला ऐंशी ठिकाणी छळत होती, म्हणून मी ती नको म्हटलं आणि पाचपट मोठी चूक आनंदाने घेतली. कारण ती दिसत नव्हती.

हे काही एआयपासूनच सुरू झालं असं नाही. २०१३ साली डेव्हिड क्रीझल नावाच्या एका जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या घराच्या नकाशात आकडे बदलताहेत. तीन खोल्या वेगवेगळ्या मापांच्या, पण स्कॅनमध्ये तिघींवर १४.१३ चौरस मीटर! धूसर आले असते तर कुणीही ओळखलं असतं. हे अगदी स्वच्छ, ठळक आणि चुकीचे. धारिका लहान करायची युक्ती म्हणून ते यंत्र सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांच्या जागी एकच तुकडा परत परत वापरत होतं. आपल्याकडे ज्या कंपनीच्या नावानेच 'हुबेहूब प्रत' ओळखली जाते, तिच्या यंत्राची ही गोष्ट. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली, पण आधी कुणाच्या लक्षात यायला हवं ना!

एक्सेलची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीत असेल. 'मार्च १' सारखं नाव असलेल्या जनुकांची यादी त्यात टाकली, की तो त्याची तारीख करून टाकायचा. शास्त्रज्ञ इतके कावले, की २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलेना, तर माणसाने आपल्या पेशींतल्या वस्तूंची नावं बदलली! हे आपोआप बदलणं बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये.

आता मघाच्या मुद्द्याकडे येतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषांवरून आम्ही लोक तासन्‌तास भांडतो. कुणाला वेग हवा, कुणाला कमी ओळी हव्यात. माझं मत गेल्या पावसाळ्यात एका जागी येऊन बसलं. भाषा चुकते तेव्हा काय करते, ते बघावं. जावास्क्रिप्टला विचारा, अवतरणातला '५' अधिक ३ किती? ती म्हणते '५३'. तोच '५' वजा ३ किती? म्हणते २. दोन्ही वेळा तिने माझं मन ओळखून मदत केली, आणि दोन्ही वेळा वेगळी ओळखली. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये ती दहा दिवसांत उभी केली, तेव्हा तिच्यावर राग नाही. वेबपानं लिहिणाऱ्या नवख्या माणसाला अडवायचं नाही, हा हेतू होता आणि तो सफलही झाला. पण बाबांची वही मी तिच्या हाती देणार नाही.

पायथन २ अक्षरं आणि बाइट यांची गल्लत चालवून घ्यायची. इंग्रजीत चालायचं, मराठी आली की फाटायचं. २००८ च्या शेवटी पायथन ३ आली. तिने दोन्ही वेगळे केले आणि गल्लत दिसली की सरळ हटून बसायला लागली. लोकांनी किती बोटं मोडली! जुने प्रोग्रॅम चालेनात म्हणून पायथन २ लगेच सुटेना, ती अधिकृतपणे बंद व्हायला २०२० उजाडलं. मीही तेव्हा कुरकुर करणाऱ्यांत होतो. आता वाटतं, ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांच्यावर तिने उपकारच केले. रस्टचा कंपायलर तर सासूसारखा एकेका ओळीला टोकतो. पूर्वी नको वाटायचा, हल्ली त्याच्याबद्दलही आदर वाटायला लागलाय. पायथनची तत्त्वं टिम पीटर्स यांनी छोट्या छोट्या वचनांत लिहून ठेवलीत, 'इम्पोर्ट धिस' केलं की दिसतात. त्यात चुका गुपचूप निसटू देऊ नयेत अशा अर्थाचं एक वचन आहे. वीस वर्षं मी ते गमतीने वाचत होतो.

मग पुढे काय केलं? एआय टाकून दिला का? छे! सोमवार ते शुक्रवार रोज वापरतो, आणि याही कामात वापरला. फक्त त्याची खुर्ची बदलली. पहिली गोष्ट, तो मजकुराला हात लावणार नाही. प्रोग्रॅम लिहायला मदत करील, आणि तो प्रोग्रॅम मजकुराला हात लावील. प्रोग्रॅम मठ्ठ असतो, पण तो १४३ पानांत एकच चूक एकाच पद्धतीने करतो, म्हणून ती सापडते. दुसरी गोष्ट, संशयास्पद जागा त्याने नुसत्या दाखवायच्या. पान, ओळ, शब्द आणि त्याला काय वाटतं ते. तशी यादी करून घेतली. तिसरी गोष्ट, निकाल बाबा देणार.

गेले काही महिने दर रविवारी सकाळी दहा वाजता आमचा फोन असतो. मी यादीतला शब्द वाचतो, बाबा सांगतात. "मेर?" "बरोबर आसा. मेर म्हणजे बांध." "पुढचा?" पाऊण तासात वीसेक शब्द होतात. खरं तर पन्नास व्हायला हवेत. पण होतं काय, की शब्द निघाला की त्याची गोष्ट निघते. सड्यावरची बांव कुणी खणली, कुठल्या साली तिचं पाणी एप्रिलातच आटलं, तिच्यावरून कुणाकुणाचं भांडण झालं. मी ते ऐकता ऐकता टंकत बसतो. आता सरळ युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या धारिकेत. आणखी वीस वर्षांनी कुणी उघडली तर भेळ निघू नये म्हणून. मूळची १४३ पानं आता दीडशेच्या पुढे गेलीत.

बायच्या कुणग्याचं पान आम्ही सर्वांत आधी दुरुस्त केलं. तिथे बाबांनी दोन ओळी नवीन घालायला सांगितल्या. त्या मी आहेत तशा टंकल्या.

नवी प्रत दिवाळीपर्यंत पाठवायचा विचार आहे. अकरा जागी मात्र मूळ मजकूर इतका बिघडलाय, की मलाही कळत नाही आणि बाबांनाही आठवत नाही. प्रिंटआउटची ती पानं चिकटलेलीच आहेत. तिथे अंदाजाने काहीतरी छान बसवता आलं असतं, पाच सेकंदांचं काम आहे.

बाबांना विचारलं, काय करूया? म्हणाले, "ऱ्हवांदे तसांच. कोणाक म्हायत आसात तर तो सांगात."

म्हणून त्या अकरा जागी टिंबांची वर्तुळं तशीच ठेवलीत.